आधी तू, मग मी

दाजी गेल्याचं कार्ड मला मिळालं तेव्हा मी आष्टीच्या बाजारात एका तांबड्या घोडीच्या मागे उभा होतो. घोडी बापूराव नावाच्या माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याची. जत्रेच्या माळावर तिला शर्तीत उतरवायचं त्याच्या मनात होतं, आणि शर्तीला तो जोडीतला एक बैल लावणार होता. "मास्तर, तुमी शिकलेले मानूस. घोडी कशी वाटती ते सांगा की," असं तो दोनदा म्हणाला. मी तिला चार पावलं चालवायला लावली, मागून बघितलं आणि जे दिसायचं ते मला दिसलं. तोंडानं मात्र मी "बरी हाय" एवढंच म्हणालो... चौदा वर्षांची सवय. तेवढ्यात टपालवाल्यानं गर्दीतून वाट काढत येऊन कोपरा फाडलेलं कार्ड हातात ठेवलं. कोपरा फाडलेला दिसला की मजकूर वाचायच्या आधीच कळतं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घाटनांदूरचे मानाजीराव, वारले होते. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो असा, की हा माणूस आता आपल्याला कधीच कबुली देणार नाही. मग बापूरावाला काही न सांगता मी घराकडे निघालो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते जमेल तेवढं करतो. दाजी उमदे होते, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. मोमिनाबादच्या छावणीत घोडदळाचा रिसाला होता तेव्हा ते त्यात शिलेदार होते. शिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं आणि मिजासही स्वतःचीच. रिसाला मोडला, माणसं नव्या पलटणीत गेली, तेव्हा यांनी नाव काढून घेतलं आणि घाटनांदूरला येऊन जमीन बघू लागले. बघू लागले म्हणजे बांधावर उभे राहून बघू लागले, औताला हात कधी लावला नाही. त्यांचा सगळा जीव शर्तीत. छावणी ओस पडल्यावर शर्ती गावाबाहेरच्या माळावर यायला लागल्या होत्या. बाभळीपासून निघायचं, पडक्या विहिरीला वळसा घालायचा आणि परत बाभळीपाशी यायचं. लोक बकरी लावत, ज्वारीचं पोतं लावत, कोणी कमरेचा चांदीचा करगोटा सोडून देई. आणि लावायच्या आधी दहातले नऊजण दाजी कुठं उभे आहेत ते बघत. ते ज्या घोड्याजवळ उभे, त्याच्यावर गाव उभं.

दाजींना ह्याचा संताप यायचा. "मेंढरं हायती सगळी," म्हणायचे. "हरायचं तर आपल्या डोक्यानं हरावं बे. दुसऱ्याच्या डोक्यानं जिंकण्यात काय मर्दुमकी हाय?" माझी नेमणूक घाटनांदूरच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, झाली आणि मी आक्काच्या शेजारी बिऱ्हाड केलं, तेव्हा ह्या माणसानं मला हाताशी धरलं. मी पंचविशीतला, पाढे आणि फारसीची चार वाक्यं ह्यापलीकडे जगाचं काही ठाऊक नसलेला. शर्त लावायची मास्तराला लाज वाटायला हवी होती. ती मला वाटली नाही, हेही इथे सांगून टाकतो.

त्यांची शिकवायची रीत त्यांचीच होती. माळावर जायच्या आधी ते मूठभर चिंचोके मला द्यायचे आणि मूठभर स्वतःकडे ठेवायचे. पैसे लावायचे नाहीत, दोन वर्षं फक्त चिंचोके. घोडे फिरवून आणले की ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी तू, मग मी." मी माझा घोडा आणि त्यामागची कारणं सांगायची, मगच ते तोंड उघडणार. कारण काय, तर त्यांचं ऐकून माझं मत व्हायला नको. घोड्याचं तोंड बघायचं नाही, तोंडावर सगळेच घोडे राजबिंडे असतात. मालकाचा फेटा तर मुळीच बघायचा नाही. मागे जाऊन उभं राहायचं आणि चालताना पाय कसे पडतात ते बघायचं. ओढ्याच्या वाळूत उमटलेल्या खुरांवर बोटं फिरवायची. नालबंदाकडे बसून काढलेल्या जुन्या नाला चाळायच्या, कारण घोडा दुखणं लपवतो पण त्याची नाल लपवत नाही. मागचा पाय दुखत असला की जनावर तो पुरता उचलत नाही, टोक घासत नेतं. मग नाल पुढून वस्तऱ्यासारखी पातळ होते आणि धुळीत खुराच्या पुढे एक बारीक रेघ उमटते. "ही रेघ ज्याला दिसली," ते म्हणायचे, "त्याला कुनाला इचारायची गरज न्हाई." इतकं चांगलं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी काही शिकवलं नाही. म्हणून तर राग जात नाही.

पहिल्या वर्षी माझे चिंचोके त्यांच्याकडे जायचे. दुसऱ्या वर्षी एकदा आमचं मत वेगळं पडलं. त्यांनी परळीकडच्या एका उंच काळ्या घोड्याचं नाव घेतलं, मी एका बुटक्या, केसाळ तट्टाचं. तट्टू दोन अंगं पुढे आलं. मी चिंचोके घ्यायला हात पुढे केला, तर दाजींनी मूठ उघडून ते धुळीत टाकले आणि तडक घराकडे चालू लागले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आक्का म्हणाली, "तू कावून जिंकलास रं, केशव? हरला असतास तर काय बिघडत होतं?" ती हसत म्हणाली, मीही हसलो. पण त्यानंतर माझं एक झालं, आणि ते मला बरीच वर्षं कळलंही नाही. मी घोडे बघायचं सोडून दाजींना बघायला लागलो. ते पाठ करून उभे राहिले तरी त्यांची मान कुठल्या घोड्याबरोबर वळते ते मला मागूनही दिसायचं. मी तोच घोडा सांगायचो. ते खूश व्हायचे, "आता कसं, तयार झालास," म्हणायचे. मीही मेंढरांतलंच एक मेंढरू झालो होतो आणि ते त्यांना ओळखता आलं नाही, की ओळखायचंच नव्हतं... कोण जाणे.

त्यांच्याकडे हरणी नावाची घोडी होती. तिची आई ती आठ दिवसांची असताना मेली आणि आक्कानं गाईच्या दुधात कापडाचा बोळा बुडवून तिला जगवली. आक्काला मूलबाळ नव्हतं. ह्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. हरणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची आणि आक्काच्या हातातली भाकरी घेऊन जायची. सहा शर्तींत ती एकदाही हरली नव्हती. मग शेजारच्या गावच्या एका देशमुखानं चारचौघांत दाजींना डिवचलं. तट्टांना मागे टाकण्यात काय आहे, म्हणाला, माझ्या पंचकल्याणी घोडीबरोबर पळवून दाखवा. आणि शर्त ठरली ती जनावरावर जनावर. जो हरेल त्यानं आपलं जनावर दुसऱ्याच्या हाती द्यायचं. आणखी एक कलम होतं, घोड्यावर मालकानंच बसायचं. दाजी पन्नाशीला आले होते, तरी मिशीवर हात फिरवून त्यांनी हो म्हटलं. घरी आल्यावर आक्कानं जेवणाचं ताट त्यांच्यासमोर आदळलं, एवढाच तिचा निषेध.

आमच्याकडे एक रिवाज आहे. शर्तीच्या सकाळी जनावराला नावं ठेवायची नाहीत. त्याच्याबद्दल वाईट बोललं तर ते त्याला बाधतं. म्हणून त्या सकाळी घरचे लोक मीठमिरच्या ओवाळून टाकतात आणि माळावर पोचेपर्यंत जनावराविषयी शब्द काढत नाहीत. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बोललो. हरणीला घेऊन आम्ही निघालो, दाजी लगाम धरून पुढे, मी मागे, आणि आमच्यामागे अर्धं गाव. पायवाटेवर बोटभर धूळ होती. कालच नव्या नाला ठोकल्या होत्या, त्यामुळे ठसे स्वच्छ उमटत होते. आणि मागच्या उजव्या ठशापुढे, दर वेळी, एक रेघ. मी शंभर पावलं खाली बघत चाललो. कितीतरी दिवसांनी मी दाजींची मान न बघता घोडी बघत होतो. पुढे होऊन मी हळूच म्हणालो, "दाजी, मागचा उजवा पाय ओढतीय ती. आज नका पळवू."

हळूच म्हणालो, पण मागून येणाऱ्यांना ते ऐकू गेलंच. दाजी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, क्षणभरच, आणि त्या नजरेत राग नव्हता एवढं मला आजही आठवतं. मग ते मोठ्यानं हसले. "मास्तर," म्हणाले, "तुमी मदरशात जा आन पोरान्ला पाढे शिकवा. घोड्याचं आमी बघून घेऊ." एरवी मला 'तू' म्हणणाऱ्या माणसानं असं 'तुमी' म्हटलं. सगळे हसले. मी खाली ठशांकडे बोट दाखवायला गेलो, तोवर लोकांच्या पायांनी ठसे पुसले होते. आणि पुढे मी जे केलं त्याची मला त्या हसण्यापेक्षा जास्त लाज वाटते. माळावर पोचल्यावर मी वडिलांनी दिलेलं चांदीचं घड्याळ खिशातून काढलं आणि देशमुखाच्या माणसाकडे हरणीवर लावलं. मला समोर दिसत होतं की ती हरणार. तरी लावलं. दाजींनी बघावं म्हणून लावलं, मी तुमचाच आहे, एवढं त्यांना दिसावं म्हणून. त्यांनी बघितलं आणि मान हलवली.

विहिरीपर्यंत हरणी पुढे होती. वळशाला सगळा भार मागच्या पायांवर येतो. तिथे तिचा उजवा पाय खाली गेला तो वर आलाच नाही. दाजी खांद्यावर पडले आणि हरणी तीन पायांवर उभी राहून थरथरू लागली. ती पळून गेली नाही, ओरडली नाही. दाजींना खाटेवर घालून आणलं. संध्याकाळी देशमुखाची माणसं दाराशी आली, "शर्त म्हंजे शर्त" म्हणाली आणि लंगडी घोडी हळूहळू चालवत घेऊन गेली. आक्का स्वयंपाकघराच्या दारात भाकरी हातात धरून उभी होती. अंगणात वीसपंचवीस माणसं जमलेली. कोणी तरी विचारलं, असं झालं कसं? तेव्हा दाजी खाटेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "सकाळी ह्यानं तोंड उघडलं तवाच झालं. काळी जीभ हाय ह्याची."

झालं. काळ्या जिभेचा मास्तर. बोललं ते खरं ठरलं, म्हणजे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं असा अर्थ एकाही माणसानं काढला नाही. माझ्या बोलण्यामुळे घडलं, हाच अर्थ सगळ्यांनी काढला. नवी बैलजोडी दारात आली की मी दिसताच लोक तिच्यावर घोंगडी टाकत. आजारी पोराच्या घरी समाचाराला गेलो तर बाई हात जोडून म्हणाली, "मास्तर, तुमी बसा, च्या घ्या, पर काई बोलू नका." ज्या जनावरात खोट दिसे त्याबद्दल बोलावं तर जीभ काळी, न बोलावं तर मन खाई. मी वरच्या साहेबांकडे अर्ज करून बदली मागितली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीला गेलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. दर बाजाराला मी घोडे बघायचो, चिठ्ठीवर माझा अंदाज लिहून खिशात ठेवायचो आणि शर्त झाली की उघडून बघायचो. बहुतेक वेळा बरोबर असायचा. आपलं मत कसं बनवावं, कोणाकडे न बघता, हे मी त्या चिठ्ठ्यांवर पक्कं शिकलो. पण बरोबर येण्यात आता काही सुख नव्हतं. चिठ्ठी फाडून टाकायचो आणि घरी जायचो.

चौदा वर्षांत चार वेळा घाटनांदूरला गेलो असेन, तेही आक्कासाठी. दाजींचा खांदा कायमचा उतरला होता. आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. एकदा आक्कानं सांगितलं की मोमिनाबादच्या बाजारात तिला हरणी दिसली, टांग्याला जुंपलेली, मागचा पाय घासत चाललेली. "मी हाक मारली रं," म्हणाली, "तर कान टवकारले तिनं. टांगेवाल्यानं चाबूक वढला." दाजी तिथेच बसले होते. ते उठून पागेकडे निघून गेले. मला वाटलं, अजूनही मलाच दोष देतायत.

कार्ड उशिरा पोचलं होतं. बैलगाडी, मोटार आणि पुन्हा बैलगाडी करत मी गेलो तो तेराव्यालाच पोचलो. लोक जेवून गेले आणि आक्का मला पागेत घेऊन गेली. हरणी गेल्यापासून तिथे कडबा ठेवतात. दाराच्या चौकटीवर एक नाल ठोकलेली होती. ती मी दर वेळी पाहिली होती, म्हणजे ती आहे एवढं पाहिलं होतं. घरोघरी शुभ म्हणून ठोकतात तशीच असेल, असं समजत होतो. आक्कानं खिळा हलवून ती काढली आणि माझ्या हातात दिली. पुढून झिजलेली, कडा वस्तऱ्यासारखी पातळ. मी अंगठा फिरवला आणि नाल दारातल्या उजेडात धरली.

"मागच्या उजव्या पायाची," आक्का म्हणाली. "शर्तीच्या आदल्या दिशी नालबंदानं काढली. त्येंनी हातात घिऊन लई येळ बघितली. मला म्हनले, घोडी दुखावलीय."

"म्हणजे दाजींना आधीच दिसलं होतं?"

"तुज्या आदी दिसलं होतं."

"मग पळवली कावून?"

"देशमुखाला सबूद दिला होता. रातभर इचार करत व्हते, मला वाटलं सकाळी न्हाई म्हनतील. तर तू समद्या गावाम्होरं बोललास. मग काय मागं फिरत्यात ते?" तिनं पदरानं नाल पुसली, तिच्यावर काही नव्हतं तरी. "रोज सकाळी हिच्याकडं बघूनच भाईर पडायचे. एक डाव म्हनले, केशवानं बराबर वळखलं होतं. माज्यापक्षा चांगलं. मला नाल बघून कळलं, त्याला नुसत्या धुळीवरनं."

मी विचारलं, हे दाजींनी मला का नाही सांगितलं. एक कार्ड टाकायला काय लागतं! "आन तू?" मी म्हणालो. "तुला ठाऊक होतं. माझी जीभ काळी म्हणून गाव थुंकलं तेव्हा तू दारात उभी होतीस."

"मी त्येंच्या घरात नांदत होते, केशव," आक्का म्हणाली. "तू बदली करून गेलास. मी कुटं जानार होते?" ते खरंच होतं. माझा राग कमी झाला असं मात्र नाही. उलट तो आता दोघांवर आहे, त्यातला एक हयात नाही, आणि दुसरीवर धरवत नाही.

नाल पिशवीत घालून मी आष्टीला परतलो. बापूरावाला गाठून खरं सांगायचं, हे वाटेत पक्कं केलं होतं. पण तोवर जत्रा होऊन गेली होती. तो बाजारात एकाच बैलाचा कासरा धरून उभा होता. घोडी अर्ध्या वाटेत लंगडली, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मास्तर, तुमी मागून बघितलं होतं की. तुमाला काईच दिसलं न्हवतं का?" मी नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "दिसलं होतं." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "मग तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?" म्हणाला आणि बैल घेऊन निघून गेला. तेव्हापासून तो रस्त्यात भेटला तरी बोलत नाही. घाटनांदूरला बोललो म्हणून बोल लागला, इथे बोललो नाही म्हणून. पण खरं तेच सांगतो, बापूरावाचं बरोबर आहे. त्याच्या बैलाला दाजी जबाबदार नाहीत, मी आहे.

नाल आता माझ्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर आहे. बाजाराच्या दिवशी बाहेर पडताना मी तिच्या पातळ कडेवरून अंगठा फिरवतो. आताशा मी जनावर बघून काय दिसलं ते मालकाला तोंडावर सांगतो. काहीजण शिव्या देतात, एकानं अंगावर काठी उगारली. आणि एक जुनी सवय कुठून तरी परत आली आहे. सांगून झालं की मी दाजींसारखा पाठ करून क्षणभर उभा राहतो, 'मग मी' म्हणत मागून कोणी तरी आपलं मत सांगेल म्हणून... आणि मग घराकडे चालू लागतो.